चाळीस दिनारांची फौज

डॅनिलो मनिलाला कायमचा परतला
तेव्हा फ्रिज केरळी शेजाऱ्याने नेला,
सायकल इमारतीच्या हारिसने,
आणि बुटांच्या दोन खोक्यांतली ही फौज
मी. चाळीस दिनारांना.
घासाघीस केली नाही. खोकी देताना त्याने
झाकणं दोनदा उघडून पाहिली होती.

त्र्याहत्तर शिपाई.
सहा चालते रणगाडे, कोळ्याच्या पायांचे.
एक सेनापती, उजव्या हाताविना.
कुठल्या ग्रहाचे, कुणाशी वैर, ठाऊक नाही;
नियमांचं पुस्तक आधीच हरवलेलं.

मी दातांच्या लॅबमध्ये असते, साल्मियात.
दिवसभर अनोळखी जबड्यांच्या साच्यांवर
दाढा चढवते.
रात्री त्याच कोरण्या, तेच मेण,
फक्त माणसं अंगठ्याएवढी
आणि कुठे टोचतंय म्हणून परत न येणारी.

सेनापतीला हात दिला
कवळीच्या गुलाबी ॲक्रिलिकचा.
कोपरात तार, खांद्यावर बंद घड्याळातलं चक्र,
बंदुकीची नळी म्हणजे इंजेक्शनची बोथट केलेली सुई.
हिरड्यांच्या रंगाचा हात उगारून
तो रात्रभर टेबलावर उभा होता,
भूल उतरू लागलेल्या माणसासारखा.

इथे रंगाला फार घाई.
बाहेर एकोणपन्नास. गच्चीवर स्प्रे मारावा
तर थेंब वाटेतच वाळतो,
शिपायावर बसते ती नुसती पिठी.
आत एसीखाली ब्रशच्या टोकाशीच रंग मरतो.
म्हणून डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर,
आणि रंग पाळायचा, विरजणासारखा.
तोझ उठला की खिडकीच्या फटींना ओले टॉवेल.
तरी धूळ येतेच, ओल्या निळ्यावर बसते.
पहिल्या फौजेवरची मी पुसत बसले होते.
आता बसू देते.
फुकट मिळालेला भूगोल आहे.

जुना रंग काढायला
लोणच्याच्या बरणीत शिपाई घातले, वर डेटॉल.
दुसऱ्या दिवशी टूथब्रश.
डॅनिलोचा हिरवा सुटला.
हिरव्याखाली विटकरी निघाला.
आणि विटकरीखाली, काखेत,
जिथे टूथब्रश पोचत नाही,
एक निळा. इतका नेटका
की मी दिवा जवळ ओढला.
तळाशी सुईने खरवडलेलं: टी. एम., फहाहील.

डॅनिलोला विचारलं. म्हणाला,
मी एका लेबनीज मास्तरांकडून घेतली,
त्यांनी कुणाकडून, ते विचारायचं राहिलं.
म्हणजे ही फौज कुवेतबाहेर कधी गेलीच नाही.
सेनापती बदलले, व्हिसा संपले,
टेबलं विकली गेली.
कायमचे रहिवासी हेच.

पेणला आमच्या भिंतीला लागून गणपतीचा कारखाना.
सुलभामावशी आखणीला बसल्या
की कुणीतरी रेडिओ बंद करायचं.
डोळ्याची रेघ श्वास सुटायच्या आत संपली पाहिजे, म्हणायच्या,
नाहीतर देव बघतो, पण दुसरीकडे.
इथे चेहरा मसुरीएवढा.
मी एसी बंद करते, श्वास धरते,
घाम भुवईवर थांबून राहतो.
तरी एक जण तिरळा झालाच.
त्याला पहाऱ्यावर ठेवलाय.
एका वेळी दोन दिशा सांभाळतो.

काखेतला निळा मात्र तसाच.
प्रायमर मारताना प्रत्येकाच्या काखेत
मेणाचा गोळा दाबला, नंतर काढला.
वेळ गेला. कुणाला दिसणारही नाही.
माझा रंग कुठला, ते अजून ठरत नाही.
डब्यात जांभळा ढवळून ठेवलाय,
त्यावर साय धरायला लागली आहे.
त्र्याहत्तर जण करड्या अंगाने वाट बघताहेत,
आणि मला आधी अल-अन्सारीबाईंची वरची कवळी संपवायची आहे,
चौदा दातांची, गुरुवारच्या आत.

रणगाड्याचा एक पायही तुटलेला आहे.
कवळीतून थोडं गुलाबी उरेल.