हात लावू नये

बोदोला दुपारी दोनलाच अंधार.
तोरुन दिवा न लावता
फेरीबोटीच्या वेळापत्रकाची सीएसएस उघडते.
चार हजार ओळी, बहुतेक आर्नफिनच्या.
तो निवृत्त झाला. आता हेरिंग धुरावतो,
फोन उचलत नाही.

फ्लोटला टेकू क्लिअरफिक्सचा,
त्याला टेकू उणे तीन पिक्सेलचा,
आणि जागोजाग ते ‘इम्पॉर्टंट’,
घरात कुणी ऐकेनासं झालं
की माणूस आवाज चढवतो, तसं.

ती ग्रिड मांडते. सात ओळी.
रकाने आपले आपण सरकून बसतात.
कार्ड आता अख्ख्या पडद्याला विचारत नाही,
बसलंय त्या चौकटीलाच विचारतं,
मला जागा किती?
आणि इतकी वर्षं जे जमत नव्हतं:
आत एखादी फेरी रद्द असली
की बाहेरच्या चौकटीला कळतं,
ती पिवळी होते.

ओळ अठराशे बारा.
‘हात लावू नये. बेरितच्या फोनवर मोडतं.’

बेरित कोण?
तिकीटखिडकीतला इंगवाल्ड चष्मा पुसतो.
आर्नफिनची आई. बेटावर असायची.
बटणांचा फोन, बोटभर पडदा.
रोज चार चाळीसची बोट बघायची,
त्यानं कळवलेलं असो-नसो.

तोरुन नियम खोडते.
टिप्पणी ठेवते;
ब्राउझर तसाही ती वाचत नाही.

मग खिडकी ओढत ओढत
बोटभर करते,
आणि चार चाळीसची ओळ
नीट दिसते का, बघते.