पावशेर

नागपूरच्या फायलीत शेवटून दुसऱ्या पानावर
एक ओळ असते: घरी न्यावे.
त्या ओळीपासून माझी नोकरी सुरू होते.

बुधवारी चिचटोला.
स्कूटीच्या डिकीत गॉज, हातमोजे, मिठाच्या पाण्याच्या बाटल्या
आणि मॉर्फीनच्या गोळ्या.
त्यांच्यासाठी मी दोन ठिकाणी सही करते, पुंडे फार्मासिस्ट तिसऱ्या,
मग तो कपाट लावतो, ओढून पाहतो, पुन्हा ओढून पाहतो.

जयवंता नान्हे, वय एकोणसाठ.
तीस वर्षं आठवडी बाजारात
मुरमुरे विकले, लाखोरीची डाळ विकली.
खर्रा किती, असाही एक रकाना आहे. तो मी कोराच ठेवला.
उजवा जबडा काढलेला. गाठ परत आलेली.
जीभ आता शब्दाला वळत नाही.

दुखणं विचारायचं असतं शून्य ते दहा.
मी चेहऱ्यांचं कार्ड पुढे केलं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.
तिनं ते उलटं करून खाटेवर ठेवलं
आणि भिंतीतल्या फळीकडे बोट केलं.
पायली. अधोली. शेर. पावशेर.
लोखंडी मापं, काठ हातांनी झिजून चकचकीत.
तिचं बोट पायलीवर थांबलं,
मग तळहातानं तिनं हवेत वर शीग रचली.

“शिगोशीग हाये म्हणते,” डोमाजी अंगणातून बोलले.
त्यांची खाट आंब्याखाली, दाराकडे पाठ करून.
“वास येते न बाई. आत बसवत नाई मले.”
हे ते मला नाही, आंब्याला सांगत होते.

मी जखम धुतली. गोळ्या कुटून
पूड भुरभुरली, भाताच्या पेजेवर मीठ टाकावं तशी.
सुनेला दाखवलं. डोमाजींना घड्याळ लावून दिलं:
चार-चार तासांनी, दुखायची वाट पाहायची नाही.
आणि पोट साफ व्हायचं औषध, ते विसरायचं नाही,
त्यावर कुणी काही बोलत नाही, पण माणूस त्यानंच जास्त रडतो.

पुढल्या बुधवारी अधोली.
त्याच्या पुढल्या बुधवारी शेर, आणि
डोमाजींची खाट ओसरीत.
मग एकदा मी दारातून पाहिलं तर ती आत होती,
तिच्या खाटेला टेकवून, आणि ते
ताटलीत चहा ओतून फुंकत होते, तिच्यासाठी.
रजिस्टरात याला रकाना नाही.
मी “शेर” लिहिलं. साहेबांनी लाल पेनानं गोल केला,
आकडा लिहा, म्हणाले.

डिसेंबरात नऊ दिवस गोळ्या आल्या नाहीत.
परवान्याचा कागद कुठल्या तरी टेबलावर होता,
टेबलाचा माणूस लग्नाला गेला होता.
मी रिकामी गेले. जायला नको होतं, तरी गेले.
तिनं फळीकडे पाहिलंच नाही.
कोपऱ्यातल्या धानाच्या ढोलीकडे बोट केलं.

त्या रात्री मी पुंडेच्या घरी जाऊन भांडले.
तोही रडला. कागद त्याच्या हातात नव्हता.
दहाव्या दिवशी गोळ्या आल्या. ते नऊ दिवस
कुठल्या मापानं परत करायचे, ते मला अजून कळलेलं नाही.

माघात ती गेली. पहाटे, पावशेरावर,
डोमाजींनी बोटांनी खूण करून दाखवलं,
बोलता येत असूनही.
तेराव्यानंतर ते दवाखान्यात आले,
दोन बसा बदलून, धुतलेलं धोतर.
उरलेल्या गोळ्या परत करायच्या असतात,
हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं.
पिशवीतून पावशेर काढलं, त्यात गोळ्या.
वरून तळहात फिरवला, रास पुसावी तसा,
रास नव्हतीच तरी.
अकरा. पुंडेनं दोनदा मोजल्या.
“माप तेवढं माह्यापाशी राहू द्या,” ते म्हणाले.

आता बुधवारी पिंपळगाव.
तिथले गुरुजी निवृत्त, गणिताचे. अजून बोलू शकतात.
किती दुखतं, विचारलं की चष्मा पुसतात, विचार करतात,
म्हणतात, साडेसहा.