आवाज अस्पष्ट

मानपत्रात सहा ओळी आहेत.
असामान्य धैर्य, शांत डोकं,
शत्रूच्या दाराशी सतरा दिवस.
खाली सही, शिक्का, आणि चौकटीत ते पदक,
ज्याची रिबन रिबेकाबाई दर पावसाळ्यानंतर उन्हात धरायच्या.
सातवी ओळ माझ्याकडे आहे.
मी तांडेल, माहीमचा, पाणबुडीतला कान.
आता कानात यंत्र घालतो. हसा.

नवगावकर साहेब म्हणायचे,
आमचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले,
चौदा जण वाचले, बाकी सगळे तळाशी.
म्हणून मी आधीच बुडून बघतो.
हे ते पेरिस्कोपला कपाळ टेकून बोलायचे
आणि डिझेलच्या वासात, दाढ्या वाढलेली माणसं
आवाज न करता हसायची.

शुक्रवारी ते घड्याळाकडे एकदाच बघत.
वर कुठेतरी सूर्य मावळला असेल.
भायखळ्याला घरात खिडक्यांना काळा कागद,
आत पेल्यात पाणी, पाण्यावर तेल, तेलात वात.
आमच्याकडे त्या वेळी काडीही पेटायची नाही,
हवा इतकी वापरून झालेली.

अकराव्या रात्री मोठं जहाज आलं.
दोन पंखे, जड, निवांत.
मी दिशा सांगितली, अंतर सांगितलं.
नळीत पाणी भरलं.
आणि मग तळाच्या कोळंब्यांच्या चटचटीतून
टुक. टुक-टुक. टुक.
एका सिलिंडरचं इंजिन, तिसरा ठोका गिळणारं.
असलंच आमच्या बाच्या होडीला होतं.
त्या आवाजावर, जाळ्यांच्या ढिगात, मी झोपलेलो आहे.

"तांडेल, काय आहे?"
साहेब, मासेमार. मध्येच आहे.
"किती माणसं?"
आता इंजिनावरून माणसं कशी मोजणार?
पण बोललो, चार.
आणि एक पोरगा, चहा करणारा.

ते आले. हेडफोनचं एक टोक काढून
स्वतःच्या कानाला लावलं.
एका आवाजाला दोघं गाल लावून बसलो,
चोवीस मिनिटं.
मोठे पंखे लांब गेले, पुसट झाले, संपले.
लहानगं तिथेच खोकत राहिलं.

नोंदवहीत त्यांनी स्वतः लिहिलं :
आवाज अस्पष्ट. लक्ष्य निसटलं. निर्णय माझा.
मला म्हणाले, कान साफ करून घे, मळ असेल.

त्या जहाजाने पुढे काय वाहिलं, कुणावर काय डागलं,
मला ठाऊक नाही. त्यांना होतं का?
मी विचारलं नाही.
पन्नास वर्षं नौदल दिनाला फोन यायचा,
तोही मासळीचा.
हलवा आलाय का रे? खवल्यांचंच दे काही.

परवा वरळीच्या कबरस्तानात बिगुल वाजला.
इस्त्रीची पोरं रांगेत, झेंडा, एक ॲडमिरल.
यांच्या प्रार्थनेला यांच्यातलेच दहा पुरुष लागतात.
नऊ होते.
बाकीचे अश्दोदला, बीरशेबाला, लोदला.
आम्ही सगळे उभे, पण मोजणीत नाही.
दहावा ठाण्याहून निघालाय, कुणीतरी म्हणालं.

थांबलो.
थांबायचं कसं ते आम्ही त्यांच्याकडूनच शिकलेलो.
ऊन चढलं. ॲडमिरलने रुमाल काढला, पुन्हा खिशात ठेवला.
तेवढ्यात पायाखालून काहीतरी गेलं.
मेट्रो असणार, नवी, खोल.
मी यंत्राचा आवाज वाढवला.
दिशा दक्षिण, वेग बेताचा,
आणि सवयीने ओठांवर आलं :
साहेब, माणसं आहेत. बरीच.

दहावा आला तेव्हा धापा टाकत होता.
हातात औषधांची पिशवी.
ती कुठे ठेवू म्हणून इकडेतिकडे बघायला लागला,
तर मी धरली.