आडवा छेद

हनुवटी टेकवा. काडी दातांत धरा.
गिळू नका. चौदा सेकंद.
यंत्र रेफिक बेंच्या डोक्याभोवती एक फेरी मारून थांबलं
तेव्हा खाली बंदरात
कोळशाचं जहाज भोंगा देत होतं
आणि त्यांनी डोळे अजून उघडले नव्हते.

एकतीस वर्षं त्यांनी झोंगुलदाकच्या पोटात
बोगदे मोजले. दोरी, ओळंबा, कंपास,
आणि पेन्सिल दातांत,
दोन्ही हात गुंतलेले असत म्हणून.
त्याच बाजूची दाढ गेली, असं ते सांगतात.
मी त्यावर काही म्हणत नाही.

साध्या एक्स-रेत हाड भरपूर दिसलं होतं.
पंधरा मिलिमीटर, मी स्वतः मोजलेलं.
लांब स्क्रू काढून ठेवला होता,
खर्चाचा आकडाही सांगून झाला होता.

आता पडद्यावर त्यांचा जबडा
मी कापत नेते, पावासारखा,
एकेक मिलिमीटरची चकती.
नसेची वाट नारिंगी रंगवते.
उंची बाराच भरते.
आणि एकेचाळिसाव्या चकतीत
हाड जिभेच्या बाजूने आत खचलेलं,
कुणी रात्रीतून पोखरून न्यावं तसं.
समोरून बघणाऱ्याला हे जन्मात कळलं नसतं.

'थांब, पोरी.'
खुर्ची ओढून ते जवळ आले, चष्मा कपाळावर.
काचेला बोट लावू नका, हे म्हणायचं राहून गेलं.
'ही पोकळी कुठून कुठवर?'
मी दाखवली.
'आणि हे नारिंगी? पाणी?'
'नस. खालच्या ओठाची.'
'म्हणजे पाणीच.'

मग बराच वेळ नुसते बघत बसले.
मला वाटलं, घाबरले.

'एका नोव्हेंबरात आमच्याकडेही
असाच नकाशा होता. वरून बघितलेला. स्वच्छ.
मधल्या भिंतीची जाडी मीच लिहिली होती, लाल शाईत.
मागे जुन्यांनी खणून सोडलेलं भगदाड आहे
हे कागदाला माहीत नव्हतं.
दुरमुश नावाचा पोरगा होता. ड्रिल त्याच्या हातात.'

पुढचं त्यांनी सांगितलं नाही.
मी माऊस उगाच हलवत राहिले,
जबडा पडद्यावर गरगर फिरला,
आतून, खालून, जिथून माणूस स्वतःला
कधीच बघत नाही तिथून.

स्क्रू बदलला. दहाचा घेतला,
किंचित बाहेर कलता केला,
नसेपासून दोन मिलिमीटर सोडले.
'तीन.'
'नियम दोनचा आहे, रेफिक बे.'
'नियम आमच्याकडेही होता.'
मी साडेआठचा घेतला.

जाताना त्या चकतीचा छापील कागद मागितला.
घडी घालता घालता परत टेबलावर ठेवला:
'कोपऱ्यात तारीख घाल. आणि नाव.'
मी त्यांचं लिहायला लागले
तर पेनावर हात ठेवून म्हणाले,
'माझं कशाला?
मोजणाऱ्याचं.'