गुरुवार, अकरा चाळीस

मामंजींनी पंचांग माझ्या पायाशी उघडलं,
खाटेवर, जिथे वांब आला की
मी रोज रात्री टाच दाबून धरते.
गुरुवार. पुष्य. अकरा चाळीस.
बोट तिथेच ठेवून ते फोनवर बोलले,
आधी डॉक्टरणीशी, मग ट्रकवाल्याशी,
आवाज दोन्हीकडे एकच.

पस्तीस वर्षं सावद्याच्या केळीत काढलेला माणूस.
दिल्लीला माल जायचा तर घड हिरवाच उतरवावा लागतो,
पिकायचं ते पुढे पिकतं, बंद खोलीत.
केव्हा कापायचं हे त्यांना
फणीवरून अंगठा फिरवून कळतं.

मी म्हटलं, थांबू.
नवरा चार्जर शोधायला लागला.
पहिल्या खेपेला कापलं तेव्हा सही त्याची होती,
मला नंतर टाके मोजायला मिळाले.
नेहेते मॅडम म्हणाल्या, थांबता येईल,
जुना व्रण आहे, म्हणून इथेच, नजरेखाली.
धोका किती, तेही सांगितलं, आकड्यांत,
माझ्याकडे बघून.
एवढ्यानंच रडू आलं मला, मूर्खासारखं.

कळा मंगळवारी रात्री आल्या. अवस.
घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही.
तडवी सिस्टर म्हणाली, पडून राहू नको, चाल.
मग फैजपूरच्या त्या दवाखान्यात मी चालले,
कूलरपासून नळापर्यंत, नळापासून कूलरपर्यंत,
कळ आली की खिडकीचा गज धरून उकिडवी.
सासूबाई मागे, पाण्याची बाटली घेऊन.
दोन वाजता त्या एकदम म्हणाल्या,
"मले टॅक्टरमधी बसवून नेलं होतं शिबिराले.
पोट दुखते तं गोळ्या देतीन, असं सांगलं होतं.
पोर होनार नाही आता, हे घरी आल्यावर कळलं."
आणि बाटलीचं झाकण घट्ट करत राहिल्या,
आधीच घट्ट असलेलं.

पहाटे पाचच्या सुमाराला
मीच म्हटलं, आता कापा.
बाळाचे ठोके ठीक होते.
मॅडम म्हणाल्या, अजून थांबता येईल.
मला नव्हतं थांबायचं.
कारण विचारणारा रकाना कागदावर नव्हता,
असता तर मी कोराच ठेवला असता.
एक रकाना मात्र होता: नातेवाईकाची सही,
त्याखाली, रुग्णाशी नातं.
मी लिहिलं, हर्षला.
नातं: स्वतः.
अक्षर वाकडं आलं, मध्येच कळ होती.
सिस्टरनं वाचलं, पुन्हा वाचलं,
आणि पेनाला टोपण लावलं.

मुलगी आहे.
दूध ओढते तेव्हा टाकाही ओढतो,
दोन्ही एकाच दोरीला बांधल्यासारखे.
मामंजी दाराशी उभे, चष्मा पुसत.
पत्रिका करायची आहे,
वेळ हवी, मिनिटासकट.

सांगते, म्हटलं,
आठवली की.