तिसरी रात्र

बाबांच्या कबुतरखान्यात आता चाकं टांगलेली असतात.
पिसं मात्र अजून निघतात फळ्यांच्या फटींतून
आणि नेमकी ओल्या सरसावर येऊन बसतात.
चिमट्याने उचलतो. शिव्या देणं सोडलंय.

नवं ट्युब्युलर आधी जुन्या रिमवर ताणून ठेवायचं,
सुती अंगाचा हट्ट जिरेपर्यंत.
मग आतली पट्टी कानशीने खरवडायची,
टाके उसवणार नाहीत इतक्या बेताने.
रिम अ‍ॅसिटोनने पुसायची:
चिंधी काळी निघते, मग करडी,
मग जशी गेली तशीच परत येते.
तेव्हा थांबायचं.

पहिला थर जुन्या टूथब्रशने, पातळ, कडेपासून कडेपर्यंत.
खालून लिस्बेट ओरडते,
खिडकी उघड, सूपलाही तुझ्या डब्याचा वास येतोय.
उघडतो. बीटच्या शेतांवरून ट्रॅक्टरची घरघर,
नोव्हेंबरचा दमट काळोख, चार वाजताच.
पहिला थर, एक रात्र.
दुसरा थर, दुसरी रात्र.
तिसरा, तिसरी.
यात गुपित काही नाही. पोरं विचारायला येतात,
मी एवढंच सांगतो, आणि ती खट्टू होऊन जातात.

आजोबा लोहार होते. घोडागाडीच्या चाकाला धाव चढवायचे:
लोखंड लाल करून बसवायचं, वर पाणी ओतायचं,
चुर्र होऊन ते लाकडाला आवळून घ्यायचं
ते मोडेपर्यंत.
आमच्या टायरला असं आवळणं ठाऊक नाही.
चिखलासाठी हवा ठेवतो दीड बारच्याही आत,
टायर लोळतं, मातीला कवटाळतं,
आणि वळणावर त्याला चाकाशी धरून ठेवायला
फक्त सरस असतो.

त्या वर्षी मी दोनच रात्री थांबलो.
कारण सांगण्यासारखं नाही. मेव्हण्याकडे पत्त्यांचा डाव होता.
बोट लावून पाहिलं, चिकटलं नाही,
म्हटलं, झालं.

रविवारी, पॉपलरच्या रांगेखालच्या डाव्या वळणावर,
ओला टॉवेल झटकावा तसा आवाज आला.
मी तो पिटमध्ये उभा राहून ऐकला, आणि ओळखला.
वान्नेस सायकल एका खांद्यावर टाकून पळत आला,
दुसरा खांदा भलत्याच ठिकाणी होता,
टायर लोंबत होतं, जनावराच्या आतड्यासारखं.
म्हणाला, व्हॉल्व्हच्या समोर सुटलं.
एवढंच. हवामान सांगावं तसं.

बिअरच्या तंबूत त्याने सगळ्यांना सांगितलं,
खुंटाला धडकलो.
सगळे खुंटाला शिव्या देत होते.
मीही ग्लास हातात धरून
खुंटाकडे बघत होतो.

अकरा आठवडे. मग उन्हाळा. मग काहीच नाही.

आणि परवा शिडी करकरली.
चाकांच्या दोन जोड्या, आधी त्या वर आल्या,
मग त्याचं डोकं.
किती दिवस लागतील?
चार.
गेल्या वेळी तीन म्हणाला होतास.
हो, म्हटलं.
त्याने चाकं खाली ठेवली. भिंतीला टेकवून, हळू.

आज चढवायचा दिवस. तो न बोलावता आला.
चाक जमिनीवर उभं, व्हॉल्व्ह वरच्या भोकात,
दोन्ही हातांनी टायर खाली ताणत न्यायचं,
पोट रिमला लावून, देहाचं सगळं वजन घालून.
शेवटची वीत कधीच येत नाही.
थंडीत अंगठे जवाब देतात.
त्याने आपले अंगठे माझ्या अंगठ्यांशेजारी लावले;
शर्टाच्या गळ्यातून हाडाचा उंचवटा दिसला,
वाकडंच जुळलंय.
एकदम टप्पकन बसलं.
फिरवून पाहिलं. जरासं डावीकडे. सरळ केलं.
हवा भरली, रात्रभर ठेवलं, सकाळी हवा काढली.

मग त्याने व्हॉल्व्हच्या बरोबर समोरची जागा शोधली
आणि टायर उपटायला लागला.
आधी दोन बोटांनी. मग मुठीने.
मग गुडघा रोवून, लालबुंद होईपर्यंत.

मी चाक धरून उभा राहिलो.
पुरे, असं म्हटलं नाही.