लॅसरेट

क्रियापद तसं परीटघडीचं.
घरात कुणी वापरत नाही.
पीटरहेडच्या धक्क्यावर तारेनं हात फाटला
तर माणसं एक शिवी हासडतात,
बोट तोंडात घालतात
आणि पुन्हा जाळं ओढायला लागतात.
लॅसरेट म्हणत नाहीत.

मी मात्र दिवसाला दहादा टाइप करायचे तो,
कानात डॉक्टर इशबेल कॉर्डिनरची टेप,
पायाशी हीटर,
वारा फिरला की खोलीभर हेरिंगचा वास.
एकदा कंटाळून नुसतं ‘कट’ लिहिलं.
अर्थ तोच, बोटांना आराम.

ती जिना उतरून खाली आली,
रेनकोट ओला, तसाच अंगात.
माझं टाइपरायटर पुसायचं फडकं उचललं,
अर्धं कात्रीनं कापलं,
उरलेलं दोन्ही हातांनी टर्रकन फाडलं.
“इथे धार लागली. इथे जोर लागला.
कापल्याची कड सरळ, ती गप्प बसते.
फाटल्याची वेडीवाकडी, आणि आत, पार तळाशी,
एखाददुसरा धागा राहिलेला असतो
या काठानं त्या काठाला धरून.
तो दिसला तरच हा शब्द.”
फडकं तिथेच टाकून गेली.
नवीन मला कुणी दिलं नाही.

नोव्हेंबरात रोना मिल्न आली,
भुवईच्या वर, सात टाक्यांची.
हॅडॉक साफ करताना सुरी सटकली म्हणे.
नवरा बाहेर बाकावर, टोपी मांडीवर,
नर्सला म्हणाला, चहा मी आणू का सगळ्यांना?
आणलाही. साखर विचारून.

त्या टेपवर आधी बराच वेळ नुसता श्वास.
दिवा जवळ ओढल्याचा आवाज.
मग तो शब्द.
मग पुन्हा, हळू, एकेक अक्षर सोडवून:
एल, ए, सी, ई, आर…
जसं काही मला तो येतच नव्हता.

कोर्टात त्याचा वकील हसून म्हणाला,
कापलं काय, फाटलं काय,
रक्त तर एकाच रंगाचं, डॉक्टर.
“सुरीला धागे मागे ठेवता येत नाहीत,”
ती म्हणाली, आणि खाली बसली.
तिला अजून कुणी बसायला सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये रोना कागदाची प्रत न्यायला आली.
माझ्या टेबलापाशी उभ्याउभ्याच वाचलं,
एका ओळीवर बोट थांबलं.
हे काय आहे?
माझ्या तोंडात व्याख्या होती, लॅटिनसकट.
म्हटलं, “म्हणजे… सुरी नव्हती.”

तिनं बोट हलवलं नाही बराच वेळ.
“एवढं एका शब्दात मावतं?”
मग कागदाची चौकोनी घडी घातली,
कड नखानं दाबून,
आणि पर्समध्ये नाही,
कोटाच्या आत ठेवली.